तळाची पळी

आंबीलतात्यांनी आपलं मडकं कधी रिकामं होऊ दिलं नाही. पाहुणा कितीही मोठा असो, उन्हातून दमून आलेला असो, दोन पेले पिऊन तिसरा मागत असो. तळाला एक पळी आंबील उरली की तात्यांचा हात थांबायचा. "ही न्हाई द्यायची," एवढंच म्हणायचे आणि मडक्यावर ताटली झाकायचे. नवख्याला वाटायचं, म्हातारा चिक्कू आहे. खोटं कशाला सांगू, मलाही आधी तसंच वाटलं होतं.

मी तेव्हा वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीच्या बाजूला नर्स होते. घर भोरला, नवरा आणि मुलगी तिथे, आणि मी आठवड्यातले सहा दिवस इकडे. लसींचा डबा खांद्याला अडकवून वस्त्या चढायच्या, बाळंतिणी बघायच्या, परत येऊन रजिस्टर भरायचं आणि तेच सगळं पुन्हा मोबाईलमध्ये भरायचं. जेवणाला वेळ नाही, त्यामुळे पोट कायम बिघडलेलं. गावभर गोळ्या वाटत फिरणारी मी, पण मला एक गोळी लागू पडेल तर शपथ. ते दिवस आठवले की आजही आधी पोटऱ्या दुखायला लागतात.

तात्यांचं घर आमच्या उपकेंद्राच्या शेजारीच. बायको जाऊन सात वर्षं झालेली, एकुलती लेक भोंगवलीला दिलेली. एका सकाळी मी पायरीवर पोट धरून बसले होते, तेव्हा ते पितळी पेला घेऊन आले आणि काही न विचारता माझ्यापुढे ठेवून गेले. नाचणीची आंबील, गार, आंबट, वर ठेचलेला लसूण. शेजारच्या घरांतून आंबिलीत ताक घालायचे, तात्यांच्या आंबिलीत ते नसायचं. "म्हस हाय कुठं आपल्याकडं? हिला ताक लागतबी न्हाई, ही आपली आपण आंबती," म्हणाले. नाचणीचं पीठ पाण्यात शिजवायचं, पार निवू द्यायचं आणि दिवस कलताना मडक्यात ओतून हाताने ढवळायचं, की सकाळी आंबील तयार. महिनाभर रोज प्यायले आणि माझं पोट ताळ्यावर आलं.

पुढे तालुक्याला आमचं एक प्रशिक्षण झालं. आंबवलेल्या अन्नात पोटाला उपयोगी जंतू असतात, असं तिथे सांगितलं. मी मोठ्या उत्साहाने तात्यांना ते सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जंतू म्हणू नका, बाई. तुमीच सांगता, जंतू म्हंजी रोग. लोक प्यायचे बंद व्हतील." त्यांचं खरंच होतं. उकळलेलं पाणी, घासलेली भांडी, धुतलेले हात, हे पालुपद गावाला ऐकवून ऐकवून मीच विटले होते.

लेकीकडे दोन दिवस जायचं असलं तरी तात्या मडकं बरोबर न्यायचे. ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन बसायचे. कंडक्टर चेष्टेने विचारायचा, लहानग्याचं हाफ तिकीट काढू का म्हणून. तात्या हसायचे, पण मडक्यावरचा हात काढायचे नाहीत. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. भरलं भांडं निपटून काढू नये असा काही त्यांच्या घरचा रिवाज असेल, एवढाच अर्थ मी लावला. विचारायचं कधी सुचलं नाही. दमलेलं माणूस फार प्रश्न विचारत नाही.

मग एकदा तात्यांना ताप भरला. छातीत घरघर ऐकू आली म्हणून मीच त्यांना टेम्पोने भोरला दवाखान्यात पाठवलं. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेले. धापेमुळे धड बोलताही येत नव्हतं, मडक्याकडे बोट करून नुसतं "बगा जरा" म्हणाले. मी रोज ताटली उचलून नुसतं बघितलं. पाचव्या दिवशी त्यांना सोडणार असा निरोप आला, तेव्हा माणूस आजारातून उठून येतोय, घर स्वच्छ असावं म्हणून मी कंबर कसली. सारवलं, अंथरूण उन्हात टाकलं. मडक्यातल्या तळाच्या आंबिलीवर पांढरी साय धरली होती आणि उग्र वास सुटला होता. ती ओतून दिली, मडकं राखेने खसखसून घासलं, आत उकळतं पाणी फिरवलं आणि अंगणातल्या दगडावर पालथं घातलं. इतकं स्वच्छ ते कधीच नसेल, असं मनात म्हणालेसुद्धा.

लेकीचा हात धरून तात्या अंगणात आले. मडकं बघितलं आणि तिथेच खाली बसले. मला वाटलं चक्कर आली, म्हणून नाडी बघायला हात धरला.

"हिच्या आयच्या हातची व्हती ती," ते म्हणाले. "जायच्या आदल्या दिशी तिनं लावली व्हती. तळाच्या पळीवर रोज नवं पीठ वतून म्या नुसती वाढवत आलो."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. लेकीकडेही त्यातलं काही उरलेलं नव्हतं. मी माफी मागितली, नवीन लावू या म्हणाले. तेव्हा पिठाचा डबा माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, "तुमीच लावा. बाईमाणसाचा हात असू द्या." मी लावली. दोन दिवस नुसता पिठाचा वास येत होता, चौथ्या दिवशी बुडबुडे आले. तात्यांनी घोट घेतला. मी तोंडाकडे बघत राहिले. "चांगली हाय," म्हणाले. "तिची न्हाई."

त्यानंतर दीड वर्ष मी अधूनमधून, तिच्यासारखी झाली का, विचारत राहिले आणि ते तेच सांगत राहिले. कुचकेपणा नव्हता त्यात, खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. रोज पेलाभर प्यायचे आणि तळाची पळी राखायचे, तीही आता माझ्या हातची.

तात्यांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना अन्न उतरेना. माझी भोरला बदली झाली होती, सामान बांधून निरोप घ्यायला गेले तेव्हा चमच्याने दोन घोट आंबील पाजली. या खेपेला मी काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "आज तिच्यावाणी झाली, बाई. मडकं तुमी न्या."

ते मडकं आज भोरला माझ्या ओट्यावर आहे. ड्यूटीवरून आल्यावर उभं राहवत नाही, तरी पीठ शिजवते, निववते, ढवळते. नवरा म्हणतो, एवढीशी कशाला ठेवतेस, संपवून टाक. मी ताटली झाकते. त्या दिवशीही मी चव घेतली होती. ती रोजच्यासारखीच होती, जरासुद्धा फरक नव्हता.