संडासाला दार कुणाचं?

आमच्या गावात पुराने भिंती नेल्या, दारं नेली नाहीत. मातीची भिंत पाण्यात भिजली की खाली बसते, पण सागवानी चौकट, दार, तुळई चिखलात तशीच पडून राहते. पाणी ओसरल्यावर शिरोळकडच्या नदीकाठच्या कुठल्याही गावात जा, गोठ्याला टेकवून ठेवलेलं एखादं जुनं दार दिसेलच. नव्या घराला लोखंडी दार बसलेलं असतं आणि जुनं टाकवत नाही.

म्हणून आमच्या बचत गटाने माळावर एक निवारा बांधायचं ठरवलं, तेव्हा सामानाची अडचण आली नाही. पुन्हा पूर आला तर लांबच्या शाळेत जाऊन राहायला नको, एवढाच विचार होता. पडक्या घरांचे दगड जोत्याला आणि भिंतींना आले, वासे आणि तुळया छपराला. आम्ही बायका ट्रॉलीत कौलं भरत होतो तेव्हा पारावरचे पुरुष आम्हाला भंगारवाल्या म्हणून हसत होते. भिंत छातीएवढी आल्यावर तेच एकेक करून पाट्या उचलायला आले. मी त्यांना तसंच सोडलं नाही, भरपूर ऐकवलं. माझं तोंड तिखट आहे हे सासर आणि माहेर दोन्हीकडे मान्य आहे.

खरी भांडणं सुरू झाली ती दारांवरून. प्रत्येकाला आपलं दार निवाऱ्याच्या पुढच्या चौकटीला हवं होतं. माझा नवराही त्यात होता. आमच्या पडलेल्या घराचं दोन फळ्यांचं दार त्याने ताडपत्रीत गुंडाळून गोठ्यात जपलं होतं. त्याच्या वडिलांनी करून घेतलेलं, भरीव सागवानाचं. ते तो ट्रॅक्टरवर घालून माळावर घेऊन गेला, पण मान दुसऱ्याच्या दाराला मिळाला. मग स्वयंपाकाच्या खोलीला लावूया म्हटलं तर तोंड वाकडं करून ते परत घरी घेऊन आला. लग्नातल्या मानपानासारखाच हा प्रकार. बाकीच्यांनी मिळेल ती जागा घेतली. एका दाराची तर जेवायला बसायची लांबलचक बाकं झाली.

राहिले मागचे दोन संडास. तिथे कुणाचं दार लावायचं, हे मी बैठकीत विचारलं आणि इतका वेळ एकमेकांच्या उरावर बसणारे सगळे मिठाची गुळणी धरून बसले. ज्या दारावर तोरण बांधलं, ज्यातून सून घरात आली, ते दार संडासाला? फायबरची दोन दारं आणून लावली. माळावरच्या वाऱ्याने ती बिजागऱ्यांसकट उपटली. एक उसाच्या फडात सापडलं, दुसरं सापडलंच नाही. निवाऱ्याचे गवंडी, त्यांना सगळं गाव चाचा म्हणतं, ते म्हणाले की इथे जड लाकूडच टिकेल. तोवर पोत्यांचे पडदे लावा. पावसाळा तोंडावर आला होता.

पोत्याचा पडदा म्हटल्यावर मला ती लांबची शाळा आठवली. मागच्या पुरात शाळेच्या संडासाला दार नव्हतं, ते कुणीतरी आधीच काढून नेलं होतं. बाया एकमेकींसाठी लुगडं आडवं धरायच्या. समोर माणसांची रांग, वारा आला की लुगडं उडायचं. सासूबाई पहिल्या दिवशी एकदा गेल्या, त्यानंतर त्यांनी पाणीच सोडलं. तांब्या पुढे केला की म्हणायच्या, तहान नाही. दोन दिवसांनी ताप चढला, लघवीला आग व्हायला लागली आणि त्यांना होडीतून दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई आमच्यावर ओरडल्या, म्हाताऱ्या माणसाला पाणी पाजायला होत नाही का? नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी आजही ते विसरलेले नाही. त्यांनी पाणी का सोडलं ते मला माहीत होतं, पण सासूबाईंनी शपथ घातली होती. लेकाला असलं काही सांगायचं नाही.

पडद्याची गोष्ट मी घरी जेवताना काढली आणि सरळ म्हटलं, आपलं दार देऊया. दोन फळ्या आहेत, दोन संडासांना एकेक बसेल. नवऱ्याने ताटातला हात थांबवला. वडिलांच्या वेळची वस्तू आहे, जोडी फोडायची म्हणतेस? पुढच्या चौकटीला चाललं नाही आणि आता हागायच्या जागेला चालतंय? गाव आपल्याला हसेल. तो बराच वेळ बोलत राहिला. शेवटी म्हणाला,

"लक्ष्मीचं दार हाय ते. आयुष्यभर हळदीकुंकू वाहिलंय त्याला."

"ते मीच वाहिलंय की," सासूबाई म्हणाल्या. त्या चुलीशेजारी बसल्या होत्या. "शाळंत मी पानी का सोडलं, म्हायत हाय तुला? तहान न्हवती म्हनून न्हाय. दार न्हवतं म्हनून."

नवरा त्यांच्याकडे वळला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं दवाखान्यातलं ते पाहणं त्यालाही आठवलं असावं. आईला एवढंच विचारलं की मला तेव्हा का सांगितलं नाहीस. सासूबाईंनी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच ताडपत्री सोडली आणि दार माळावर नेलं. चाचांनी फळ्या खालून थोड्या तासल्या, त्यांना बिजागऱ्या लावल्या. आतल्या कड्या नवऱ्याने स्वतः बसवल्या. एका संडासात स्वतःला कोंडून घेतलं आणि आम्हाला बाहेरून जोर लावून ढकलायला लावलं. दार हललं नाही. पारावरचे दोघेतिघे बघत उभे होते. एकजण काहीतरी टोमणा मारायला गेला, पण बाहेर आलेल्या नवऱ्याचा चेहरा बघून बिडी शोधायला लागला.

सासूबाईंना ट्रॅक्टरवर बसवून आणलं होतं. त्यांनी दाराला हात लावला, पाया पडल्या आणि पाण्याची बादली घेऊन आत गेल्या. आतून कडी लागली. बायका जरा लांब उभ्या राहिल्या. बराच वेळ झाला, त्या काही बाहेर येईनात. मीही काळजीत पडले. नवरा दारापाशी गेला आणि हळूच म्हणाला,

"आई, बरी हायस न्हवं?"

"बरी हाय की," आतून आवाज आला. "निवांत बसलोय. तू लांब जा बघू आधी."

तो मागे सरकला. मग वळून पारावरच्या त्या माणसांना हात करत, मोठ्या आवाजात म्हणाला, चला, इथं काय बघाय उभारलाय, लांब व्हा. त्यांना पार बांधापलीकडे घालवून तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि आई बाहेर येईपर्यंत एकदाही वळला नाही.