पट्टा बांधला का?

“पट्टा बांधला का?” समोरचा माणूस कशावरही बसला की आमचा पायलट हे विचारायचाच. रिक्षात, न्हाव्याच्या खुर्चीत, एवढंच काय, माझ्या भाचीच्या लग्नात पंगतीला बसलेल्या व्याह्यांनाही त्याने विचारलं. त्या बिचाऱ्यांनी दचकून धोतराची गाठ चाचपली.

नव्वदच्या दशकात विरारला आमच्या शेजारच्या दारात राहायचा तो. पायलट म्हणजे अजून शिकाऊच. लांबच्या एका फ्लाइंग क्लबात शिकायचा आणि सुट्टीला घरी यायचा. विमान छान चालवायचा म्हणे. घोडं अडलं होतं ते एकट्याने उडवण्यापाशी. शिकवणारे सर खाली उतरले की हा धावपट्टीच्या तोंडापर्यंत जायचा, विमान वळवून परत आणायचा आणि म्हणायचा, “सर, तुम्हीपण चला ना.” दोनदा असं झालं. पुन्हा झालं तर गाशा गुंडाळून घरी जा, असं सरांनी बजावलं.

“काका, विमानाची भीती नाही हो,” मला म्हणाला. “शेजारची सीट रिकामी दिसली की पोटात गोळा येतो.”

आता तुम्हीच बघा. एका खोलीत आजी-आजोबा, आईवडील, दोन बहिणी आणि हा. जन्मात हा पोरगा कधी एकटा बसला असेल तर शपथ! मोरीत गेला तरी बाहेरून कुणीतरी बादली मागायचं.

मी म्हटलं, “आमच्या घरात कर सराव. आम्ही दोघं बाहेर थांबतो.” स्वयंपाकघरात दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मांडल्या. एकीवर तो, हातात स्टिअरिंग म्हणून स्टीलची ताटली. दुसरी रिकामी. दार ओढून घेतलं आणि आम्ही नवराबायको जिन्यात येऊन बसलो.

लगेच त्याची आई पोह्यांची बशी घेऊन हजर. “एकटाच आहे ना, म्हटलं सोबतीला बसावं जरा.” मग नातू एकटा कसा बसतो ते बघायला आजोबा आत गेले. जवळच्या गास गावाहून भाजी विकायला येणारी मावशी टोपली उतरवून ओरडली, “पोरगा एकलाच बसलाय, पानी तरी द्या कोनी!” कहर केला तो आमच्या हिने. चहा द्यायला म्हणून आत गेली ती सरळ त्या रिकाम्या खुर्चीतच बसली. आतून आवाज आला, “काकू, पट्टा बांधा.”

आठवडाभर हाच तमाशा. मी जाम भडकलो. “पोराला नापास करायचा विडा उचललाय का तुम्ही?”

सुट्टी संपवून तो क्लबात परतला. पुढचं त्यानेच नंतर लाजत लाजत सांगितलं. सर उतरले. सीट रिकामी झाली. पण या वेळी तो मागे फिरला नाही. विमान उडालं आणि याने तोंड उघडलं. “काकू, पट्टा बांधा. आई, पोहे नकोत आत्ता, वळायचंय मला. आजोबा, खिडकीतून वाकू नका!” भीतीने विमान वळवायचा दांडा इतका घट्ट आवळला होता की त्यावरचं रेडिओचं बटण दाबलेलंच राहिलं. खाली टॉवरमध्ये सगळ्यांना सगळं ऐकू जात होतं, आणि बटण सुटेपर्यंत खालच्यांना याच्याशी बोलताही येईना. विमान मात्र अलगद टेकलं.

सर लालबुंद झाले होते. “दोघांच्या विमानात किती माणसं भरली होतीस?”

“एकटाच होतो, सर.”

त्यावर सर बरंच काही बोलले. त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. पण पास केलं.

आता तो परदेशात मोठी विमानं उडवतो. घरच्यांनी शेजारची जागाही सोडली. आमची ही गेली तेव्हा त्याचा फोन आला. म्हणाला, “काका, मोठ्याने बोलत जा. लाजू नका.”

त्या दोन खुर्च्या मी हलवलेल्या नाहीत. सकाळी चहा घेऊन बसतो. मग शेजारी न बघता म्हणतो, “अगं, पट्टा बांध.”