बिनमिठाचं सूप

ट्रान्सिल्वानियातल्या आमच्या गावात मेलेल्या माणसाच्या नावानं वाढलेल्या जेवणाला कुणी नावं ठेवत नाही. पुढ्यात येईल ते खायचं आणि "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं. शेजारच्या सावेताच्या नवऱ्याला, ग्लिगोरला, जाऊन वर्ष झालं तेव्हा आम्ही तेच केलं. सावेता कोंबडीच्या सुपात मीठ घालायला साफ विसरली होती, तरी मी गुमान गिळलं.

ग्लिगोर असता तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. सूप कितीही खारट असो, त्याचं आपलं एकच: "मीठ महाग झालंय का?" त्यावरून दोघांची रोज जुंपायची.

शेवटची वाटी वाटसरूला द्यायची रीत आहे. रस्ता विचारायला थांबलेल्या एका ट्रकवाल्याला सावेतानं ती फाटकाशी दिली. त्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काय बाई, मीठ महाग झालंय का?"

मला तर त्याला झोडपावंसं वाटलं. पण सावेता फाटक धरून हसत सुटली, हसता हसता रडली आणि धावत जाऊन मीठ घेऊन आली.

"योगायोग गं," मी नंतर म्हटलं. "असं कुणीही म्हणेल."

"कुणीही? मग तू का नाही म्हणालीस?"

आता दर वर्षी त्या दिवशी तिच्या सुपात मीठ नसतं. आम्ही मुकाट्यानं खातो, आणि ती शेवटची वाटी घेऊन फाटकाशी उभी राहते.