सुमनकाकूंच्या व्हरांड्यातली भिंत

आधी सुमनकाकूंचं नाव घेतो. आठवीत शाळा सोडून रत्नागिरीकडून नागपूरला आलो, तिथल्या सदर भागातल्या रंगाच्या दुकानात चिकटलो. पण राहायला जागा नव्हती. काकूंनी मागची खोली दिली, दोन्ही वेळचं ताट वाढलं. "उपाशी झोपशील तं पाय मोडीन गा," म्हणायच्या. पुढचं मात्र कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही.

तेव्हा लोक दिवाळीला चुना लावत आणि रंग देत तो घरात लग्न निघालं की. एकदा रंगाच्या कंपनीचे साहेब दुकानात आले, रंगांच्या छटांचं शेडकार्ड उघडून म्हणाले — भिंत खराब व्हायची वाट बघू नका. आळीतलं एक घर बदला, बाकीच्यांना आपोआप आपलं घर जुनं वाटू लागेल. मला नवल वाटलं. चांगल्या भिंतीची लाज वाटते माणसाला? खरंच? मला ते बघायचंच होतं. शिवाय नोकरी नवी, कधी काढतील याची धास्ती. मालकांना काही करून दाखवायला हवं होतं.

पण कुठलं घर? माझ्या शब्दावर हो म्हणणारं एकच होतं.

"काकू, गुलाबी भिंत आता कुणी ठेवत नाही. सदरात सगळे पिस्ता लावून राहिले." एकानंही लावला नव्हता.

"काहून गा? लुगडं फाटलं का बदलतो. भिंत कुठी फाटली?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तू म्हणतो तं लाव. फक्त ते अक्षर राहू दे."

ते अक्षर म्हणजे — लेकीच्या लग्नात काकांनी व्हरांड्याच्या भिंतीवर स्वतः ऑइलपेंटनं लिहिलेली नवरानवरीची नावं, वर गणपती. इथं लग्नघरावर असं लिहितात, नंतर कुणी पुसत नाही. काकांनी स्टुलावरून न उतरता, हात लांबवत लिहिलं, म्हणून ओळ शेवटी खाली घसरलेली. पुढच्याच वर्षी काका गेले.

रंगाच्या दिवशी काकू बहिणीकडे कळमेश्वरला होत्या. तुळशीराम पेंटर हात थांबवून म्हणाला, "बाबू, याले सोडून देऊ ना?" पिस्ता भिंतीवर ती घसरलेली लाल ओळ — याला नवी फॅशन कोण म्हणणार?

"काकूंना विचारलंय. मार हात," मी म्हणालो.

विचारलं नव्हतं.

काकू परतल्या. भिंतीसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. आणि माझ्या तोंडून निघालं — "तुळशीरामनं न विचारताच मारला हो." तो तिथंच डबे धूत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि डबे धूत राहिला. त्याची कामं आमच्याच दुकानातून निघत ना!

"माह्या दारात पुन्हा पाय नको ठेवू," काकू त्याला म्हणाल्या. मला रोजच्यासारखं ताट वाढलं. मी जेवलो.

साहेबांचं खरं निघालं. बायका भिंत बघायला येत, जाताना आपल्या घराकडे वळून बघत. मी त्यांचे चेहरे न्याहाळत बसे. दिवाळीपर्यंत समोरचं घर पिस्ता झालं, शेजारचं आकाशी. माझी नोकरी पक्की झाली.

दुपार कलली की व्हरांड्यात ऊन तिरपं येतं आणि त्या अक्षरांचे जाड कंगोरे रंगाखालून उठून दिसतात. काकू नेमक्या तिथं तांदूळ निवडायला बसतात — अजूनही. "दिसते गा थोडं थोडं," एकदा म्हणाल्या. माझी समजूत काढायला!

काकू, तुमचं मी फेडीन. एक दिवस तुळशीरामला सोबत घेऊन तुमच्या दारात येईन, ऊन तिरपं असताना, आणि त्याच्यासमोर सांगेन — ब्रश त्यानं मारला, मारायला मी सांगितलं.