ऐनावरचा लाल तारा

आधीच सांगते, मी भुताखेताची बाई नाही. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात जन्मले, ढिवराच्याच घरात नांदले, अंधारात तलावावर जाण्यात सारा जन्म गेला. पाण्यावर काय काय दिसतं म्हणून लोक सांगतात... मला मासोळ्यांशिवाय कधी काही दिसलं नाही. शाळा चौथीपर्यंत, पण हाती पडेल ते वाचते. तुमचे हे भुताखेताचे अनुभवही वाचते अन् हसते. आता माझा वाचा, हसायचं तर हसा.

कुरखेड्याहून वडशाकडे येताना आमचं गाव लागतं. गावाला लागून तलावाची पाळ, मातीचा बांध. पाळीवरून समोर पूर्वेचा काठ, तिथूनच जंगल सुरू. त्या काठावर एक उंच ऐनाचं झाड आहे.

मी नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. हिवाळ्यात आम्ही सांजेला डोंग्यात बसून जाळं लावायचो, पहाटे काढायचो. जाळ्याचं टोक कोणत्या खुंट्याला बांधलं, त्याची खूण ध्यानात ठेवणं माझं काम. एकदा मी खूण धरली ती ऐनावर उगवलेल्या लाल ताऱ्याची! मृगाचे तीन तारे ओळीत असतात ना, उगवताना त्यांच्या डाव्या अंगाला असतो तो. पहाटे बघते तर तारा पार गावाच्या बाजूला, मावळतीला. मी तिकडेच डोंगा न्यायला लावला. जाळं कुठलं सापडतं... आमचा माणूस इतका हसला की डोंगा डुलायला लागला.

"तारा काई खुंटा नसते वो," म्हणाला. मग जन्मभर, पाहुणे आले की हीच गोष्ट.

आता कोरोनाच्या आधीचा हिवाळा. आमच्या माणसाला, म्हणजे आता बुढ्याला, विसरायचा आजार लागला होता. आधी पोराचं नाव गेलं, मग माझं. वरून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अंगणातला बल्ब लागला का, हेही मलाच विचारायचा.

माझी नात पिंकी वडशाला सायन्स शिकायची, ती सुटीत घरी आली होती. रोज सांजेला मला पाळीवर नेऊन तोच तारा दाखवायची. त्याचं नाव काक्षी म्हणे. एवढा मोठा की सूर्याच्या जागी ठेवला तर आपली पृथ्वी त्याच्या पोटात जाईल. श्वास घेतल्यासारखा फुगतो, आकसतो. म्हातारा झालाय, कधीतरी फुटणार. अन् त्या वर्षी तो विझत चालल्यासारखा मंद झाला होता. मलाही दिसत होतं... शेजारच्या ताऱ्यांतही उठून दिसेना.

एका सांजेला चुलीपुढून उठून बाहेर आले तर बुढ्याची खाट रिकामी. बाजाराला जातो, बाजाराला जातो, असं त्याचं सारखं चालायचं. म्हणून सारा गाव कुरखेड्याच्या रस्त्याला धावला. पूर्वेच्या काठाकडे कोणी जाईना. त्याच आठवड्यात तिथं वाघाचे पंजे दिसले होते.

मी पिंकीला घेऊन पाळीवर गेले. अन् समोर ऐनाच्या शेंड्यावर तो तारा — चुलीतला निखारा फुंकावा तसा, लालबुंद.

"पिंके, तुहा तारा पेटला बघ."

तिनं पाहिलं, डोळे चोळले, परत पाहिलं. "कुठी आजी? कालच्यापेक्षा मंदच आहे."

मला तर पाण्यात त्याची लाल रेघ दिसत होती, थेट ऐनाच्या मुळापासून माझ्या पायापर्यंत. मी डोंगा सोडायला लागले. शेजारचे महादेवभाऊ धावत आले. म्हणाले, "सुमनबाई, काऊन जीव देता? सकाळी जाऊ."

"सकाळी काय आणाले जाऊ?" म्हटलं अन् वल्हं हातात घेतलं. पिंकी मागे बसून वाघ बुजावा म्हणून थाळी वाजवत होती, महादेवभाऊ बडबडत का होईना पण चढले.

ऐनाखाली गुडघाभर पाण्यात बुढा उभा. थंडीनं कापत होता, दोन्ही हातांनी पाणी चाचपत होता. डोंगा टेकला तसा बोलला, "आली का सुमन? तारा उगवला एवढा मोठा, म्हणून आलो. तुहं जाळं इथीच आहे. काढून घे."

माझं नाव... किती दिवसांनी ऐकलं मी.

सकाळी महादेवभाऊंनीच दाखवलं, काठाच्या चिखलात बुढ्याच्या पावलांवर पाय देत वाघ येऊन गेला होता.

डॉक्टर म्हणाले, जुनी आठवण अशी मधेच उजळते. बरं, नावाचं तसं धरू. पण ज्याला अंगणातला बल्ब दिसत नाही, त्याला तारा कसा दिसला? अन् मला? पिंकीनं पुढे वाचून सांगितलं, ताऱ्यानंच धूळ बाहेर फेकली होती, ती आड आली म्हणून तो मंद दिसला. साऱ्या जगानं मंदच पाहिला. त्याचा उजेड इथं पोचायला काही शतकं लागतात, म्हणजे त्या सांजेचा उजेड आम्ही दोघं जन्मायच्या कितीतरी आधी निघालेला. मग आमच्या दोघांपुरता तो पेटला कसा?

दोन हिवाळ्यांनी बुढा गेला. नाव परत कधी घेतलं नाही त्यानं. तारा मात्र पूर्वीसारखा झालाय, आता सगळ्यांना दिसतो. सांजेला पाळीवर उभी राहते तेव्हा मी बुढ्याला मोठ्यानं विचारते — तारा खुंटा नसते म्हणत होते ना? मग त्या दिवशी तुमी कशाले धरून उभे होते?