गोठ्यात कोण आलं

माझे वडील जनावरांचे डॉक्टर होते, आणि पंचक्रोशीतलं एकही जनावर त्यांना जवळ येऊ देत नसे. हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, गुरांवर एवढा जीव टाकणाऱ्या माणसामागे गाईम्हशी शेपटी हलवत फिरत असतील. कसलं काय! आप्पांची फटफटी वेशीवर आली की गावातल्या म्हशी दावी ताणायला लागत. आमच्याच निघोज्यातल्या एका म्हातारीने तोंडावरच सांगितलं होतं, "डाक्टर, तुमी यायच्या आधी आमच्या म्हशीला कळतंय बघा. चारा सोडून उभी ऱ्हाती." आप्पा हसून म्हणाले, "एवढा मान आमदाराला तरी मिळतो का?"

हसले, पण त्यांना ते लागायचं. पुढे ते वेशीबाहेरच इंजिन बंद करून फटफटी ढकलत आत न्यायला लागले. कपड्यांना औषधांचा वास येतो म्हणून शर्ट बदलून पाहिला. उपयोग शून्य. अडलेल्या गाईचं वासरू सोडवायला खांद्यापर्यंत हात घालायचे, घामाने निथळायचे, वासरू जगलं की दिवसभर खुशीत असायचे. आणि तीच गाय पुढच्या वेळी त्यांच्यावर लाथ उगारायची. "तिचं काय चुकलं?" ते म्हणत. "हा माणूस आला की दुखतं, एवढंच तिला ठाऊक."

ते निवृत्त झाले तोवर दवाखान्याभोवती शेतं उरली नव्हती, कंपन्यांच्या भिंती होत्या. मी म्हटलं, आता पिंपळे सौदागरला माझ्याकडे या. लिफ्ट आहे, बाग आहे. ते कुठले ऐकतात! घरामागे पत्र्याचा गोठा घातला आणि चाकणच्या बाजारातून एक कालवड आणली. आईला म्हणाले, "हिला मी कधी सुई टोचणार नाही. लससुद्धा नवा डॉक्टर टोचेल. मी कोण आहे, हे हिला कळूच द्यायचं नाही." मला हा पोरखेळ वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

तिला ते नुसतं 'बाई' म्हणायचे. "काय बाई, झालं का जेवण?" दिवेलागणीला मुठीत गूळ घेऊन गोठ्यात जायचे आणि बाई मनगटापासून कोपरापर्यंत त्यांचा हात चाटायची. एकदा मला मुद्दाम बोलावून दाखवलं. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हाही त्यांच्या तोंडावर एवढं समाधान मी पाहिलं नव्हतं. मला थोडा रागच आला, खरं सांगते.

बाई चांगली मोठी झाली, आणि लम्पीची साथ आली. गावोगावी जनावरांच्या अंगावर गाठी उठायला लागल्या. बाईच्या मानेवरही उठल्या. ताप चढला, ती चाऱ्याला तोंड लावेना. आप्पांनी नव्या डॉक्टरला फोन केला. तो बिचारा गोठ्यागोठ्यातून धावत होता. "सर, उद्या नक्की येतो," म्हणाला. उद्यापर्यंत काय होऊ शकतं, हे आप्पांना कोणी सांगायला नको होतं. आई म्हणते, ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मग उठले आणि कपाटावरची जुनी बॅग खाली काढली.

पहिल्या सुईला बाईने फक्त मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी बॅग दिसताच दावं ताणलं. मग रोज सुई, रोज फुटलेल्या गाठी धुणं, जखमांत औषध भरणं. ती हंबरडा फोडायची आणि आप्पा मोठमोठ्याने बोलत राहायचे, "झालं बाई, झालं, झालं."

बाई वाचली. पण त्यानंतर आप्पा गूळ घेऊन गेले की ती मागच्या भिंतीला जाऊन चिकटायची. आप्पा गूळ गव्हाणीत ठेवून निमूट परत यायचे. ते दिसेनासे झाले की मग खायची. मला फोनवर म्हणाले, "आता तीही मला ओळखते." मी म्हटलं, "अहो आप्पा, विसरेल ती." "जनावर विसरत नाही गं. पण मी रोज जाणार."

रोज गेले. बाई भिंत सोडेना. त्याच हिवाळ्यात एका दुपारी आप्पा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेरावं होईपर्यंत मी निघोज्यात होते. एका संध्याकाळी आई देवापाशी दिवा लावत होती आणि गोठ्यात खडबड झाली. जाऊन पाहिलं तर बाई ताडकन उभी राहून भिंतीला चिकटलेली. डोळे दाराकडे. दारात कोणी नव्हतं.

"आले," आई शांतपणे म्हणाली.

मी दाराबाहेर जाऊन पाहून आले. पण मी पडले इंजिनिअर. म्हटलं, "अगं, कंपनीची बस याच वेळेला येते. हॉर्नला दचकली असेल." दुसऱ्या दिवशी कंपनीला सुट्टी होती. बस आली नाही. बाई उठली. आईने जाऊन गव्हाणीत गूळ ठेवला.

मग आई तिथून हलेना. "एकटी कशी राहशील? गाय नेईल कोणीतरी," मी फोनवर डोकं फोडायचे. तिचं एकच उत्तर, "गाय दिली तर हे आले का नाही, मला कळणार कसं?" आणि मी तरी कुठे शहाणी होते! ऑफिसमधून सोसायटीत शिरताना फोन लावायचा, इकडचं तिकडचं बोलायचं आणि शेवटी हळूच विचारायचं, "उठली का?" "उठली," आई म्हणायची. मला बरं वाटायचं, आणि लगेच संतापही यायचा. जन्मभर एवढं करून मेल्यावरही त्या माणसाच्या वाट्याला गाईची भीतीच यावी?

परवा आईचाच फोन आला. आवाज वेगळा होता.

"अगं, आज बाई उठली नाही."

मी जिन्यातच बसले. आप्पांना नेलं तेव्हा रडले नव्हते एवढी रडले. संपलं, वाटलं. आता खरंच गेले. जरा सावरल्यावर म्हटलं, "आई, आता ये गं इकडे. तिथे आता काय राहिलंय?"

"ऐकून तर घे. कान टवकारले तिने. दाराकडे पाहिलं. चांगलं टक लावून पाहिलं. आणि बसल्या जागी मान पुढे केली. गूळ मागायची ना, तशी."

मी डोळे पुसून उठले.

"आत्ता कुठे जमलंय त्यांचं," आई म्हणाली, "आणि मी उठून तिकडे येऊ? शनिवारी येशील तेव्हा गूळ घेऊन ये. संपत आलाय."