उचला, दाजी

माझ्या बायकोच्या मावसभावाइतका हट्टी माणूस ट्रेंट नदीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. पुण्याहून इंग्लंडला गोल्फ खेळून पोट भरायला आलेला माझ्या माहितीतला हा एकमेव मराठी माणूस. बाकी आम्ही नॉटिंगहॅममध्ये कॉम्प्युटरसमोर बसून पोटं वाढवत होतो. गोल्फमध्ये एक सभ्य रिवाज आहे. मैत्रीच्या डावात तुमचा चेंडू होलच्या तोंडाशी आला की समोरचा म्हणतो, "उचला." टोला मारला आणि चेंडू आत गेला, असं धरून चालतात. आमच्या या साहेबांनी हा शब्द जन्मात उच्चारला नाही. आमच्या घरी कॅरममध्येसुद्धा माझ्या आठ वर्षांच्या मुलीला तो भोकाच्या काठावरची सोंगटी मारायला लावी, आणि ती रडली की म्हणे, "रडून झालं की मार." बायकोने डोळे वटारले तरी ढिम्म.

याला कारण होतं. इंग्लंडला आला त्याच वर्षी व्यावसायिक स्पर्धांच्या पात्रता फेरीत शेवटच्या होलवर हातभर अंतरावरून त्याचा टोला हुकला आणि तेवढ्यावरून तो बाहेर गेला. तिथे 'उचला' म्हणणारं कुणी नसतं. मग पोटासाठी इथल्या एका विद्यापीठात त्याने गोल्फ कोचची नोकरी धरली. "एका हिवाळ्यापुरती हं, दाजी," असं मला बजावून सांगितलं. तो हिवाळा काही संपला नाही. दर वसंतात स्वारी पात्रता फेरीला जायची आणि तोंड पाडून परत यायची. विद्यापीठाला त्याचं काय! त्यांना माहितीपत्रकात हिरवळीवरचा हसरा कोच हवा होता, आणि हा तर फोटोतही कपाळाला आठ्या घालून उभा. एकदा कुलगुरूंनी वीतभर अंतरावरचा चेंडू उचलायला हात घातला, तर हा सगळ्यांदेखत म्हणाला, "फिनिश इट, सर." सरांनी मारला आणि चुकला. त्यानंतर याची बढती कुठे अडकली, हे सांगायला ज्योतिषी नको.

गेल्या वसंतात पात्रता फेरीत त्याच्याच एका विद्यार्थ्याने त्याला मागे टाकलं. पोराला व्यावसायिक स्पर्धा खेळायचं कार्ड मिळालं. आभार मानताना त्याला आईवडील आठवले, प्रायोजक आठवले, कुत्रासुद्धा आठवला. कोच तेवढा आठवला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा मात्र म्हणाला, "चांगला खेळला तो. मनगट आता सैल सोडतो."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं नेहमीसारखे खेळायला गेलो. बारीक पाऊस होता. शेवटच्या होलवर माझा चेंडू चांगला चार-पाच पावलं लांब राहिला. मी वाकून नेम धरतोय, तोच मागून आवाज आला, "उचला, दाजी."

मला आधी थट्टा वाटली. वळून पाहिलं, तर तो हातमोजा काढून काठ्या पुसत होता. पुढच्या वसंतात पात्रता फेरीला नाव देणार नाही, त्यानंतरही नाही, कोचिंग बरं आहे, असं काहीबाही तो बोलला. मला इतकं वाईट वाटलं की मी चक्क ओरडलो, "अजिबात नाही! मी मारणार. फिनिश इट म्हण मला!"

तो काठ्या पुसतच राहिला. मी मारला. चेंडू होलच्या बाजूने सरळ पुढे निघून गेला. इतक्या वर्षांत अशा वेळी तो खदाखदा हसायचा. त्या दिवशी त्याने जाऊन माझा चेंडू उचलला, बाहीला पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"असू द्या, दाजी," तो म्हणाला. "गेला असं धरलंय मी."